ओट्यावरचा उजेड, चिमणीचा पॉइंट

दोन पिढ्यांपूर्वी मराठी घरात 'चिमणी' म्हटलं की कोनाड्यात मिणमिणणारा रॉकेलचा दिवा डोळ्यांपुढे यायचा. उजेड थोडा, काजळी फार. आज त्याच शब्दाने आपण शेगडीच्या वर बसवलेलं, धूर ओढून घेणारं यंत्र ओळखतो. एकाच नावाखाली आधी उजेड आणि आता धुराचा बंदोबस्त, अशी ही अदलाबदल झाली, पण हे दोन्ही प्रश्न स्वयंपाकघरातून पुरते गेलेले नाहीत. रॉकेलमुक्त शहर म्हणून दिल्ली २०१४ मध्ये जाहीर झाली. तरी या शहरातल्या आणि आसपासच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबादमधल्या असंख्य घरांत आजही भाजी चिरणारी व्यक्ती स्वतःच्याच सावलीत उभी असते, आणि महागड्या चिमणीची वायर एक्स्टेन्शन बोर्डाला लोंबकळत असते. याचं कारण पैशात किंवा विजेच्या टंचाईत शोधून सापडणार नाही, ते कामाच्या क्रमात आहे. दिवे आणि चिमणी यांना वीज थोडीच लागते, म्हणून त्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो. तो सगळ्यात आधी व्हायला हवा. बाकीची उपकरणं ओट्यावर हवी तिथे सरकवता येतात. दिवा आणि चिमणी एकदा भिंतीत बसली की बसली.

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की दिल्लीत क्रम साधारण ठरलेला असतो. कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारात किंवा एखाद्या शोरूममध्ये कपाटांचा रंग पसंत होतो. मग ग्रॅनाइट, मग टाइल. चिमणी सणाच्या सवलतीत येते. वायर, स्विच आणि एलईडी पट्ट्या चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसमधून घाऊक भावाने आणल्या जातात. हा बाजार म्हणजे एके काळची बेगम समरूची हवेली. आज तिथे विजेच्या सामानाची शेकडो दुकानं दाटीवाटीने आहेत आणि २४ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच बाजारात लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. सामान हवं तेवढं आणि हवं तसं मिळतं. फक्त त्या सामानाची जागा ठरवणारा वायरमन सगळ्यांच्या शेवटी येतो आणि 'पॉइंट कुठे देऊ?' असं विचारतो, तोवर टाइल चढलेली असते. मग जिथे भिंत फोडावी लागणार नाही तिथे पॉइंट निघतो, आणि पुढची पंधरा वर्षं घरातली माणसं त्या पॉइंटाच्या सोयीने स्वयंपाक करतात.

जुन्या घरांत हा प्रश्न आणखी अवघड होतो. दिल्ली विकास प्राधिकरण, म्हणजे डीडीए, १९५७ मध्ये स्थापन झालं आणि १९७९ च्या नोंदणी योजनेनंतर त्याचे फ्लॅट मोठ्या संख्येने उभे राहिले. त्या काळच्या स्वयंपाकघराला एक दिवा, एक पंख्याचं भोक आणि मिक्सरपुरतं एखादं सॉकेट पुरत असे. मायक्रोवेव्ह, पाणी शुद्ध करणारं यंत्र, इंडक्शन, विजेची किटली, भांडी धुण्याचं यंत्र ही मंडळी नंतर आली आणि त्या एकाच वायरीवर बसली. चिमणी तर उशिरा आलेली पाहुणी. तिला जागा मिळाली ती अर्थातच दाराशी.

थोडा हिशेब केला की मुद्दा स्पष्ट होतो. आपल्या घरात वीज २३० व्होल्टने येते. सहा अँपिअरचं सॉकेट जेमतेम १,३८० वॅट पेलतं, सोळा अँपिअरचं ३,६८० वॅट. इंडक्शनची शेगडी २,००० वॅटची असेल तर ती एकटीच जवळपास नऊ अँपिअर खेचते. किटली दीड हजार वॅटच्या घरात जाते. उलट, घरगुती चिमणीची मोटर साधारण दीडशे ते अडीचशे वॅटची, म्हणजे एक अँपिअरच्या आसपास. स्वयंपाकघरातले सगळे एलईडी दिवे मिळून पन्नास-साठ वॅटही भरत नाहीत. तेव्हा इथे दोन वेगवेगळ्या जातींची कामं आहेत: एकीकडे भरपूर वीज खाऊन काही मिनिटांत काम संपवणारी उपकरणं, दुसरीकडे थोड्या विजेवर तासन्‌तास चालणारा उजेड आणि वारा. या दोन जातींना एकाच वायरीवर बांधणं ही मूळ चूक. सरकारी इमारती बांधणाऱ्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या वायरिंगविषयक तपशिलांत हीच विभागणी आहे. दिवे-पंख्यांचं सर्किट वेगळं, त्यावर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको. घरगुती पॉवर सर्किट वेगळं, त्यावर सोळा अँपिअरची दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत. हा नियम आपल्या घराला लावला की स्वयंपाकघरात निदान दोन पॉवर सर्किटं आणि दिव्यांची स्वतंत्र वाट लागते हे सहज दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की चिमणी आणि दिवे एवढीशी वीज खातात, तर त्यांना वेगळी वाट कशाला? पॉवरच्या वायरीवरच टाका, तिला काय फरक पडतो? वायरीला खरंच काही फरक पडत नाही. फरक पडतो तो तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला. संध्याकाळी सात वाजता कढईत तेल तापलंय, पुऱ्या तळायच्या आहेत, बाजूला इंडक्शनवर डाळ शिजतेय आणि कुणीतरी चहासाठी किटली लावतं. भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी आपलं काम चोख करतो आणि खाली पडतो. दिवे त्याच वायरीवर असतील तर त्या क्षणी स्वयंपाकघर काळोखात जातं. गॅस मात्र चालूच असतो, तेल तापतच राहतं आणि झारा धरलेला हात अंधारात चाचपडतो. दिवे वेगळ्या सर्किटवर असते तर डाळ थांबली असती, एवढंच. म्हणून दिव्यांचं सर्किट वेगळं करायचं ते भार हलका करण्यासाठी नव्हे, दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा उजेडाला होऊ नये म्हणून. स्वयंपाकघरातले दिवे घराच्या दिव्यांच्या सर्किटवर ठेवावेत, चिमणीला स्वतःची छोटी वाट आणि स्वतःचा एमसीबी द्यावा, आणि इन्व्हर्टर असेल तर दिवे त्यावर घ्यावेत. इन्व्हर्टरची ताकद पाहून चिमणीही घेता येते. एक खबरदारी मात्र हवी. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल इतर सर्किटांच्या न्यूट्रलमध्ये मिसळला, तर गळती ओळखणारा ब्रेकर विनाकारण पडत राहतो आणि वैतागून एक दिवस कुणीतरी तो काढूनच टाकतं.

आता उजेडाची जागा. आपल्याकडे स्वयंपाकघरात छताच्या मधोमध किंवा ओट्यासमोरच्या भिंतीवर एक ट्यूब लावायची पद्धत आहे. खोली उजळलेली दिसते आणि आपण समाधान मानतो. पण ओटा भिंतीला लागून असतो, म्हणजे काम करणाऱ्याची पाठ त्या दिव्याकडे होते. पाटावर ठेवलेली कोथिंबीर, तिच्यावर फिरणारी सुरी आणि सुरीपासून अर्ध्या इंचावर असलेली बोटं ही सगळी डोक्याच्या आणि खांद्याच्या सावलीत येतात. मग जास्त वॅटची ट्यूब लावली जाते. तिने सावली आणखी गडद होते, हटत नाही. उजेड वाढवण्याचा खरा मार्ग दिवा जवळ आणण्याचा आहे. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की त्याचा उजेड चौपट पडतो. ओट्याच्या वर भिंतीतली कपाटं असतील तर त्यांच्या तळाशी एलईडी पट्टी बसवावी, आणि ती भिंतीच्या बाजूला नको, पुढच्या कडेला हवी. मागे बसवलेली पट्टी टाइल उजळते, पुढची हात उजळते. पट्टी उघडी न ठेवता दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत ठेवली तर डोळ्यांत टोचत नाही आणि तेलाचा राप सहज पुसता येतो. या पट्ट्या बहुधा १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात, तेव्हा घरातली वीज त्या व्होल्टवर आणणारा त्यांचा ड्रायव्हर कुठे बसणार हे वायर टाकतानाच ठरलं पाहिजे. शेगडीच्या वर किंवा कपाटामागे बंद जागेत तो तापून लवकर मरतो. हात पोचेल अशा हवेशीर कप्प्यात तो असला की बदलणं दहा मिनिटांचं काम होतं.

रंगाचाही प्रश्न आहे. फोडणीतली मोहरी तडतडली हे कानाला कळतं, पण लसूण सोनेरी झाला की करपायला लागला हे डोळ्यालाच ठरवावं लागतं. स्वस्त एलईडी दिव्यात लाल-तांबूस छटा फिक्या पडतात आणि सगळं काही निळसर-राखी दिसतं. दिव्याच्या वेष्टनावर सीआरआय नावाचा आकडा असतो. शंभरच्या जवळ जाईल तेवढे रंग खरे. ओट्यावरच्या दिव्यासाठी नव्वदच्या आसपासचा निवडावा, आणि उजेडाचा रंग ४,००० केल्विनच्या जवळपास, म्हणजे ना पिवळट ना निळसर. चिमणीत दिवे असतातच की, असं कुणी म्हणेल. असतात, पण ते कढईपुरते, तेही एक-दोन वॅटचे. चिरणं, निवडणं, मळणं ही कामं शेगडीच्या बाजूला होतात आणि तिथे चिमणीचा उजेड पोचत नाही.

चिमणीच्या पॉइंटाची जागा हा तर भूमितीचा साधा प्रश्न आहे, तरी तो क्वचितच कागदावर सोडवला जातो. ओटा जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटर. त्यावर शेगडी. बहुतेक कंपन्या शेगडीपासून चिमणीच्या तळापर्यंत ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर सांगतात. म्हणजे चिमणीचा तळ जमिनीपासून सुमारे १६० सेंटिमीटरवर येतो आणि तिचं धड व धुराड्याची नळी त्याच्याही वर जाते. सॉकेट त्यामुळे दोन मीटरच्या आसपास, नळीच्या एका बाजूला हवं. नेमकी उंची घेतलेल्या मॉडेलच्या आराखड्यावरून ठरवायची. प्रत्यक्षात मात्र ते तीन चुकीच्या जागी सापडतं. शेगडीच्या मागच्या भिंतीवर, जिथे वाफ आणि तेल थेट येतं. लांब कोपऱ्यात, जिथे चिमणीची आखूड वायर पोचत नाही आणि एक्स्टेन्शन येतं. किंवा नळीच्या बरोबर मागे, झाकणाच्या आत. हा तिसरा प्रकार दिसायला सर्वांत सुबक आणि वागायला सर्वांत वाईट. पिन किंचित सैल राहिली तर तिथे ठिणगी उडत राहते, सॉकेटचं पांढरं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं, त्यावर तेलाची पुटं चढतात, आणि झाकण न उघडता यातलं काहीही दिसत नाही. सॉकेट वर असलं तरी त्याचा स्विच खाली, शेगडीच्या बाजूला, ज्वाळेवरून हात न नेता पोचेल असा हवा. कढईने पेट घेतला तर चिमणी ताबडतोब बंद करता आली पाहिजे, कारण चालू चिमणी ती ज्वाळा तेलकट जाळीकडे ओढते.

सुरक्षेचा भाग इथे थोडा तपशिलात सांगायला हवा, कारण एमसीबी बसवला की काम झालं हा समज फार पक्का आहे. एमसीबी वायरीला वाचवतो. जास्त करंट वाहू लागला की तो पडतो, पण माणसाला ओढून घ्यायला त्याच्या हिशेबी फारच किरकोळ करंट पुरतो आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. चिमणी धातूची, ओटा ओला, हात ओले, पाय उघडे. म्हणून चिमणीच्या सॉकेटचं तिसरं, मोठं भोक खरोखर अर्थिंगला जोडलेलं आहे की केवळ शोभेला आहे, हे मापून घ्यावं. जुन्या घरांत हे हमखास तपासावं लागतं. त्यावर गळती ओळखणारा आरसीसीबी हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी घरगुती जोडणीसाठी त्याची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवली आहे. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर ओल्या मिक्सरमुळे दिवेही जातील, म्हणजे वर सांगितलेला अंधार मागच्या दाराने आत येईल. दिव्यांसाठी आणि पॉवरसाठी दोन वेगळे बसवणं हाच त्यावरचा उपाय.

दिल्लीच्या हवामानाचाही वायरीशी संबंध आहे. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग केंद्रावर ४६.८ अंश तापमान नोंदलं गेलं. पीव्हीसीचं आवरण असलेल्या साध्या वायरीने ७० अंशांच्या पुढे जाऊ नये असं मानतात. भोवतालची हवा ४० अंशांवर असेल तर वायरीला स्वतःच्या करंटने तापायला तीस अंशांची मुभा असते. ४७ अंशांवर ती तेवीसवर येते आणि तीच वायर सुमारे बारा टक्के कमी करंट सुरक्षितपणे वाहू शकते. स्वयंपाकघर घरातली सगळ्यात गरम खोली, त्यात भिंत पश्चिमेची असेल तर बघायलाच नको. तेव्हा दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर आणि पॉवरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेणं ही चैन नव्हे. वायरीवर आयएस ६९४ या भारतीय मानकाची खूण पाहावी आणि शेगडीच्या वरच्या पट्ट्यातून आडवी वायर नेऊच नये.

आता दुसरा आक्षेप: चिमणी हवीच कशाला, खिडकी उघडा! ज्या घराला आमोरासमोर खिडक्या आहेत तिथे यात तथ्य आहे. पण दिल्लीत नोव्हेंबर ते जानेवारी खिडक्या बंद राहतात त्या थंडीमुळे आणि त्याहून जास्त बाहेरच्या हवेमुळे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि हिवाळ्यात दिल्ली ती कित्येक पटींनी ओलांडते. अमेरिकेत २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या चाचणीघरात 'होमकेम' या प्रयोगात असं दिसलं की नुसत्या भाजण्या-परतण्यानेही घरातले कण अतिप्रदूषित शहरांच्या पातळीला जाऊ शकतात. म्हणजे दार-खिडकी लावून फोडणी देणं म्हणजे बाहेरची दिल्ली टाळून आत दुसरी तयार करणं. पण इथे चिमणीवाल्यांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचं आणि २.७५ मीटर उंचीचं, म्हणजे पावणेचौदा घनमीटर हवेचं. तासाला १,२०० घनमीटर ओढणारी चिमणी एवढी हवा कागदोपत्री मिनिटाच्या आत बाहेर फेकेल. तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर मोटर गुरगुरते आणि धूर जागचा हलत नाही. म्हणून चिमणी चालू असताना आतल्या खोलीची एखादी खिडकी बोटभर उघडी हवी आणि स्वयंपाक संपला की लावून घ्यावी. मोठ्या आकड्याची चिमणी घेण्यापेक्षा नळी आखूड आणि कमी वळणांची ठेवण्याने जास्त फरक पडतो.

गॅसच्या प्रकाराचाही पॉइंटांशी संबंध आहे. इंद्रप्रस्थ गॅसची पाइपलाइन दिल्ली, नोएडा आणि गाझियाबादमध्ये घराघरांत पोचली आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपातला नैसर्गिक वायू हलका, तो छताशी, म्हणजे दिव्यांच्या आणि चिमणीच्या सॉकेटच्या उंचीला साचतो. वास आला की घाईघाईने चिमणी लावून तो बाहेर काढावा असं वाटणं स्वाभाविक आहे आणि तेच सर्वांत घातक, कारण स्विचची ठिणगी पुरते. दिवा लावू नये, चालू असलेला बंदही करू नये, खिडक्या उघडाव्यात आणि गॅसची चावी फिरवावी. स्वयंपाकघराच्या सर्किटांचे एमसीबी असलेला बोर्ड खोलीच्या बाहेर असावा तो यासाठीच: गॅसपासून दूर राहून वीज तोडता येते.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि मालकीचा. भाड्याच्या घरात भिंत कोण फोडणार? फोडायची गरजही नाही. पीव्हीसीच्या पट्टीतून भिंतीवरून नेलेली वायर दिसायला साधी असली तरी नीट आखली तर भिंतीआडच्या चुकीच्या वायरीपेक्षा कधीही चांगली. दोन जादा सर्किटांची वायर, दोन एमसीबी आणि कपाटाखालची पट्टी यांचा खर्च ग्रॅनाइटच्या बिलापुढे किरकोळ ठरतो. मॉड्युलर किचनची कंपनी सगळं पाहील, यावरही विसंबू नये. कपाटं कुठे संपतात हे तिला माहीत असतं, मुख्य बोर्डात जागा आहे का हे तिला कुणी विचारलेलं नसतं. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं आणि भार वाढणार असेल तर मंजूर भारही वीज कंपनीकडून तपासून घ्यावा.

म्हणून स्वयंपाकघर नवं करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. कपाटाचा रंग ठरवण्याआधी रिकाम्या खोलीत खडू घेऊन उभं राहा. शेगडी कुठे, चिरायची जागा कुठे, उभं राहणाऱ्याची सावली कुठे पडते, हे भिंतीवर आखा. वायरमनला त्याच दिवशी बोलवा. आणि टाइल चढण्याआधी उघड्या पाइपांवर टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी मसाल्याच्या मांडणीसाठी ड्रिल लावाल तेव्हा वायर कुठून गेली आहे हे सांगणारं दुसरं कुणी घरात नसेल.